चिंचेने घासलेलं सूर्ययंत्र

दोनशे वर्षांचं एक विलायती यंत्र मी चिंच आणि राख लावून घासलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. रात्रभर चिंचेच्या कोळात बुडवून ठेवलं, सकाळी बंबातली राख चाळून घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि आमची आई दिवाळीत समया घासायची तसं खसाखसा घासलं. पितळ असं झळकलं म्हणता! वसतिगृहाच्या मोरीत बसून मी त्यात माझं तोंड पाहिलं आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले. वय चोवीस, एम.एस्सी. पदार्थविज्ञान, पुण्याच्या एका मुलींच्या कॉलेजात हंगामी डेमॉन्स्ट्रेटर. प्रकाशाच्या वक्रीभवनावर ती मुलगी तासभर बोलू शकायची. जुन्या पितळेवर लाखेचा पातळ थर असतो आणि तो कुणीतरी जपलेला असतो, एवढं मात्र तिला ठाऊक नव्हतं. आज ती मला भेटली तर शेंडी तिच्या हातात देऊन मी म्हणेन, बाई गं, आधी डोकं घास.

यंत्र काय होतं ते सांगते. खिडकीच्या लाकडी झडपेला एक भोक पाडायचं आणि त्यात ही पितळी नळी बसवायची. नळीच्या बाहेरच्या अंगाला एक लांबट आरसा. तो उन्हात राहणार, ऊन पकडणार आणि नळीत सोडणार. आत भिंगं. भिंगांसमोर दोन काचांच्या मध्ये पाण्याचा थेंब ठेवा नाहीतर माशीचा पंख ठेवा, अंधाऱ्या खोलीत समोरच्या भिंतीवर तो पुरुषभर उंच दिसणार. सूर्य सरकला की आरसाही सरकवायला हवा, म्हणून खोलीच्या बाजूला दोन मळसूत्री फिरक्या. विजेच्या आधीचा सिनेमाच म्हणा ना. आमच्या विभागप्रमुख साठ्येबाई त्याला सूर्ययंत्र म्हणत.

ते करणारा माणूस अठराव्या शतकातला लंडनचा दुकानदार. दिवसा पितळ कातायचा आणि उरलेल्या वेळात पुस्तकं लिहायचा. इंद्रधनुष्य का दिसतं, चंद्र का झिजतो, असली. ज्यांनी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही त्यांच्यासाठी. पेटारा घेऊन गावोगाव फिरायचा, खाणावळीतल्या खोलीची दारंखिडक्या लावायचा आणि लोकांना त्यांच्याच डोक्यातल्या उवा भिंतीवर दाखवायचा. विज्ञान विद्वानांच्या बैठकीतून उठून घरोघरच्या चुलीपर्यंत गेलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. साठ्येबाईंनी त्याची दोन पुस्तकं मिळवून वाचली होती, आणि त्या त्याला ‘आमचे गृहस्थ’ म्हणत. बाई अविवाहित. त्यामुळे आम्ही पोरी तोंडात पदर कोंबून हसायचो.

यंत्राच्या चौकोनी पट्टीवर त्याचं नाव नाजूक, वळणदार अक्षरांत कोरलेलं होतं. त्या नावाच्या पुराव्यावर बाईंचा या यंत्रावरचा लेख उभा राहणार होता. फेब्रुवारीअखेर बाई निवृत्त व्हायच्या होत्या, आणि शेवटच्या तासाला हे यंत्र चालवून दाखवायचं त्यांच्या मनात होतं. अठरा वर्षं ते त्यांच्या कपाटात होतं, पण चालताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. मला एवढंच म्हणाल्या होत्या, “इंदू, भिंगं पुसून ठेव. मऊ कापडाने. बाकी कशाला हात लावू नकोस.”

मला वाटलं, बाई संकोचाने म्हणताहेत.

तिसऱ्या दिवशी झळाळी हिरवी पडली. फिरक्यांत राख शिरून त्या जाम बसल्या. आरशाच्या पाठीत कोळ गेला आणि कल्हई काळी झाली. आणि नाव? नावाच्या रेघांत काळं बसलं होतं, ते राखेने निघेना म्हणून मी विटेची पूड घेतली होती. काळं निघालं. नावही निघालं. पट्टीवरून बोट फिरवलं तर तान्ह्या बाळाच्या टाळूसारखी गुळगुळीत.

बाईंना सांगावं हा सरळ मार्ग होता. तो मला दिसला नाही असं नाही. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. बाईंनी वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवलेलं ते नाव पातळ कागदावर गिरवून घेतलं आणि ठरवलं, कुणी चांगला कारागीर गाठायचा, फिरक्या सोडवायच्या, आरसा बदलायचा आणि हे नाव हुबेहूब परत कोरून आणायचं. याला खोटेपणा म्हणतात हे तेव्हा सुचलं नाही. मी त्याला दुरुस्ती म्हणत होते.

पुण्यात तांबट आळी असताना मी भंडाऱ्याला कशाला गेले, असं तुम्ही विचाराल. तांबट आळीच्या तोंडाशीच साठ्येबाई राहत. मी तिथे पाऊल टाकलं असतं तर संध्याकाळच्या आत बाईंना कळलं असतं. आणि नागपूरची माझी मावशी नेहमी सांगायची, भंडाऱ्याचा कासार तडकलेला चंद्रसुद्धा सांधून देईल. “मावशीला बरं नाही,” अशी थाप मारून १९७८ च्या जानेवारीत मी निघाले. मावशीची तब्येत ठणठणीत होती. हेही एक पाप.

वरठी

भंडाऱ्याचं स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. आता तिथे मोठा पोलादाचा कारखाना आहे म्हणतात. तेव्हा मी पहाटे उतरले तर फलाटावर धुकं, आणि धुक्यात चहाच्या शेगडीचा एक तांबडा डोळा. पुण्याचं धुकं कसं टेकडीवरून पाहायला येतं आणि परत जातं. इथलं धुकं कापलेल्या धानाच्या शेतांवर मुक्कामालाच आलेलं होतं. टांगा त्यातून चालला होता आणि घोड्याचे पाय दिसत नव्हते; अर्धा घोडा दुधावर तरंगत चालल्यासारखा. मांडीवर यंत्राची लाकडी पेटी. मी गुंगीत होते.

“पेटीत काय हाय जी, बाई?” टांगेवाल्याने विचारलं.

“यंत्र.”

त्याने मान वळवून पेटीकडे पाहिलं. “सरकारी?”

“कॉलेजचं. मोठ्या बाईंनी ठेवलेलं.”

“कोणावर चालवता?”

“सगळ्यांवर,” मी म्हणाले. मनात होतं ते उवा, माशा, पाण्यातले किडे. त्यानंतर तो एक अक्षर बोलला नाही. भंडारा येईपर्यंत माझ्याकडे पाठ करून, शाल घट्ट लपेटून बसला. मला वाटलं, किती लाजाळू माणसं आहेत इकडची.

भंडारा

कासारांची गल्ली विचारावी लागली नाही. ठोक्यांच्या आवाजावरूनच सापडली. शंभर पावलांवरून तो आवाज एकच वाटतो. जवळ गेलं की त्यात घरं वेगळी होतात. कुठे हंड्याचा जाड, कुठे लोटीचा किणकिणता, कुठे नुसता खरवडल्याचा. तुळशीरामजींचं नाव मावशीने दिलं होतं. त्यांच्या घरातून मात्र आवाज येत नव्हता.

“ते त आंधळगावले गेले,” त्यांच्या बायकोने दारातच सांगितलं. “धान निघालं न जी. आता महिनाभर बहिणीच्या छपरीत बसतीन. लोकं गळके भांडे घेऊन येतेत.”

आंधळगावला जाणारी मोहाडीकडची गाडी दुसऱ्या दिवशीच मिळणार होती. मी पेटी घेऊन पायरीवरच बसले. त्या बाईने मला विचारलंही नाही. पाण्याचा तांब्या दिला आणि ताट वाढलं. भात, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी. पुण्याच्या आमच्या आमटीत गूळ पडतो. या डाळीत गुळाच्या जागी मिरची पडली होती, आणि मोजून पडली नव्हती. माझ्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहू लागलं.

“सवय नाई वाटते,” ती म्हणाली, आणि भातावर आणखी डाळ वाढली. पाहुणा रडला तरी उपाशी उठू नये, अशी तिकडची रीत असावी.

दुपारी वैनगंगेवर जाऊन बसले. नदी रुंद, संथ, कुठेही जायची घाई नसलेली. वाळूवर बायका पितळी घागरी घासत होत्या. नुसत्या वाळूने. मी पेटी मांडीवर घेऊन बघत बसले. त्यांच्यातल्या एकीनेही घागरीवरच्या नावाला हात लावला नाही. नावाच्या भोवतीने घासत होत्या. मला वाटलं, नदीसुद्धा माझ्याकडे बघून हसते आहे. मग झोप लागली आणि स्वप्नात आमचे गृहस्थ पेटारा घेऊन वैनगंगा पोहत येताना दिसले.

आंधळगाव

गाडीतून उतरून मी तुळशीरामजींच्या बहिणीचं, म्हणजे पार्बताबाईंचं, घर विचारत गेले. छपरीत भाता पेटलेला, भोवती भांड्यांचा ढीग आणि सातआठ पुरुष विड्या ओढत बसलेले. मी पेटी घेऊन पायरी चढले. एक उठला. दुसरा उठला. तिसऱ्याला म्हैस आठवली. माझं “नमस्कार” पुरं होईतो छपरी रिकामी. उरले फक्त तुळशीरामजी. तेही हातात तापलेली सांडशी होती म्हणून.

आतून पार्बताबाई आल्या. नाकात मोठी चमकी, कमरेला खोचलेला पदर. मला खालून वर पाहिलं.

“तुमी आपरेशनवाल्या बाई होय का?”

“म्हणजे?”

“नसबंदीच्या. वरठीच्या टांगेवाल्यानं कालच बाजारात सांगतलं, शहरातून बाई आली, पेटीत यंत्र हाय, सगळ्यांवर चालवतो म्हणते.”

आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं, तरी पेटीवाल्या माणसाला बघून गाव अजून दचकत होतं. मी पेटी उघडून दाखवली. पार्बताबाईंनी आत डोकावलं, मग रस्त्याकडे तोंड करून ओरडल्या, “या गा परत! काई नाई होत! पितळच हाय!”

तुळशीरामजी साठीचे असतील. काटक, डोळे बारीक, बोलणं त्याहून बारीक. त्यांनी यंत्र हातात घेतलं आणि आधी हुंगलं.

“चिंच लावली काय जी?”

“हो.”

“आन् राख?”

“हो.”

त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. “आन् विटेचा भुगा. देवाचं भांडं होय का हे?”

“नाही.”

“मंग काहून?”

मी पिशवीत कागद शोधू लागले.

मी तो पातळ कागद काढून दिला. या जागी हे नाव घालायचं, म्हटलं, जसंच्या तसं, एक वेलांटी इकडची तिकडे नको. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण वेलबुट्टी पाहावी तशी त्यांनी ती पाहिली.

“हे कोनाचं नाव होय?”

इथे मी खरं सांगायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. “आधीचं नाव आहे. होतं तेच परत घालायचं.”

“तो मानूस हाय का?”

“छे हो. दोनशे वर्षं झाली त्याला जाऊन.”

“असं, असं,” म्हणून त्यांनी कागदाची घडी बंडीच्या खिशात ठेवली. मी सुस्कारा सोडला. जमलं, असं त्या एम.एस्सी. बाईला वाटलं.

दोन दिवस मी छपरीत बसून त्यांचं काम पाहिलं. फिरक्या सोडवून त्यांनी रॉकेलात घातल्या आणि कोंबडीच्या पिसाने एकेका दातातली राख काढली. घाई नाही, चिडचिड नाही. मध्येच कुणी गळकी घागर घेऊन आलं की यंत्र बाजूला, घागर आधी. “तिच्या घरी पानी भराचं हाय. तुमचा सूर्य कोठी जात नाई,” असं मला सांगून. मळसूत्राचे आटे उन्हात धरून ते बराच वेळ बघत बसले.

“हा मानूस डावखोरा होता,” एकदम म्हणाले.

“कोण?”

“ज्यानं बनवलं तो. पाहा न, कानशीचे घाव उलटे उतरून राहिले. माझा हात असा येते. त्याचा असा.” आणि त्यांनी डाव्या हातात कानस घेऊन हवेत दोनदा ओढून दाखवली. साठ्येबाईंनी त्याची पुस्तकं वाचली होती, जन्मसाल, दुकानाची गल्ली सगळं ठाऊक होतं. पण त्याचा कोणता हात चालत होता, हे आंधळगावच्या छपरीत कळत होतं. दुपारची वेळ. समोर कापलेल्या धानाची सोनेरी खुंटं, पलीकडे बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं, निळंहिरवं पाणी, त्यावर एक बगळा स्वतःच्या पायांकडे बघत. दोनशे वर्षं म्हणजे काही फार नाही, असं वाटायला लावणारी दुपार होती ती.

आरशाचं मात्र अडलं. बाजारातले आरसे लहरी, तोंड वाकडं दाखवणारे. पार्बताबाई आत गेल्या आणि फणीपेटीच्या झाकणातला आपला आरसा काढून घेऊन आल्या. जाड काच, स्वच्छ.

“अहो, तुमच्या लग्नातला असेल,” मी म्हणाले.

“होय न. आता त्यात पाहावं असं काय राहिलं?” त्या हसल्या. “कापा जी दादा. पन उरला तुकडा मले वापस द्या. कुंकू लावाले तेवढा पुरते.”

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आतल्या खोलीत यंत्र बसवलं. धान साठवायच्या मोठ्या ढोलीची खोली. दक्षिणेच्या खिडकीला फळीची झडप, झडपेला उंदराने आधीच भोक पाडून ठेवलेलं. तुळशीरामजींनी ते गोल केलं. समोरची भिंत पांढऱ्या मातीने सारवलेली. बातमी गावात पसरली होती, आणि आता पेटीची भीती जाऊन तिथे उत्सुकता आली होती. पंधरावीस बाया दाटीवाटीने बसल्या. पार्बताबाईंनी बोडीतून लोटाभर पाणी आणलं. दार लावलं.

अंधार झाला. वाळल्या तनसाचा, शेणाचा, नव्या तांदळाचा वास एकदम मोठा झाला. मी फिरकी फिरवली. भिंतीवर एक धूसर डाग हलला, सरकला, ढोलीवर चढला, उतरला आणि मध्यभागी येऊन थांबला. चंद्र उगवला. थाळीएवढा, मग गाडीच्या चाकाएवढा, मग भिंतभर.

आणि त्यात आंधळगावची बोडी होती. हिरव्या मण्यांच्या लांबच लांब माळा संथ डुलत होत्या. काचेच्या होड्यांसारखं काहीतरी एका बाजूने आलं आणि दुसऱ्या बाजूने गेलं. मग एक जीव आला, हातभर, आरपार दिसणारा, डोक्यावर दोन फांद्या घेऊन वल्हवणारा. त्याच्या पाठीशी काहीतरी लुकलुकत होतं. धक, धक, धक.

“त्याचं काळीज होय ते?” कुणीतरी कुजबुजलं.

“हो,” मी म्हणाले.

एका बाईने हात वर केला. भिंतीवरच्या त्या पाण्यात तिच्या बांगड्यांची सावली पडली आणि तो जीव तिच्या तळव्यातून पोहत गेला. चित्र सारखं निसटत होतं आणि मी फिरकी किंचित वळवून ते परत आणत होते. पृथ्वी फिरते हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. त्या खोलीत ती माझ्या दोन बोटांत फिरत होती. मला ती थोडीशी जड लागत होती.

“माय वो! हे आमी पिऊन राहिलो का?” मागून एक म्हातारी म्हणाली, आणि सगळा अंधार हसला.

“गाळून पितो न आत्याबाई,” पार्बताबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “तुमच्या पुन्यात रोज पाहत असान न असं?”

“नाही हो. मीही पहिल्यांदाच बघते आहे.”

“बाप्पा! मंग शिकवता काय जी?”

तेवढ्यात ऊन तापलं, थेंब आटला आणि चंद्र कोरडा झाला. लगेच दुसरा थेंब. मग माशीचा पंख, मग जवसाचं फूल, मग म्हातारीच्या आग्रहावरून तिचाच एक पांढरा केस. त्या गडबडीत तुळशीरामजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “बाई, तुमचं नाव काय जी? पूर्न सांगा.”

भिंतीवर सूर्य खेळवत असलेली मी. मान ताठ करून म्हणाले, “कुमारी इंदू. एम.एस्सी. पुणे.”

निघायची सकाळ

सकाळी त्यांनी यंत्र धुतल्या धडप्यात गुंडाळून माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः गाठ सोडली. पट्टी माझ्याकडे वळवली. लग्नाच्या भांड्यांवर घालतात तशा ठसठशीत ठिपक्यांनी, सुबक देवनागरीत लिहिलं होतं: कु. इंदू एम.एस्सी. पुणे.

मला रडू फुटलं. डाळीचं नव्हे.

“काहून रडून राहिल्या?” ते घाबरले. “चुकलं का काई?”

“मी कागद दिला होता ना! ते नाव घालायचं होतं!”

“तो मानूस त मेला म्हनून तुमीच सांगतलं.” ते मला मुलाला समजवावं तसं समजावू लागले. “भांड्यावर घरधन्याचं नाव राहते. मेलेल्याचं नाव नव्यानं टाकून भांडं घरात नेत नाई कोनी. आता भांडं तुमचं, त नाव तुमचं. मी विचारलं न तुमाले?”

विचारलं होतं. आणि मी पदवीसकट सांगितलं होतं.

“माझं नाहीये हो हे! कॉलेजचं आहे! आणि तो घरधनी नव्हता, त्याने हे बनवलं होतं. तो डावखोरा, तोच. त्याचं नाव मी घासून घालवलं, आणि आमच्या बाईंना कळू नये म्हणून…” असं करत करत सगळं बाहेर आलं. चिंच, थाप, ठणठणीत मावशी, सगळं. पार्बताबाई चुलीपुढून उठून दारात येऊन उभ्या राहिल्या.

तुळशीरामजींनी बंडीतून कागद काढला. आता तो त्यांनी वेगळ्याच नजरेने पाहिला.

“हे त्याचं नाव. बनवनाऱ्याचं.”

“हो. माझं घासून टाका आणि हे घाला. तुम्हाला हुबेहूब येईल, मला माहीत आहे.”

“येईन,” ते म्हणाले. “पन मी टाकनार नाई.”

“का?”

“मी आजलोक किती भांडे बनवले त्याची गिनती नाई. एकावर बी माझं नाव नाई. आमच्यात टाकत नाई. पन यानं टाकलं होतं. म्हनजे हे मी केलं, मी जबाबदार, असं तो बोलून गेला. आता त्याच्या वतीनं मी कसा बोलू? माझ्या हातानं टाकलं त ते खोटं होईन. आन् तुमचं बी मिटवता येत नाई. पत्रा तुमी घासून घासून पापड केला. आनखी घासला त भोक पडीन.”

त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्या हातात परत दिली. पार्बताबाईंनी पदराने माझे डोळे पुसले, जरा जोरातच.

“बाईले खरं सांगून टाका जी,” त्या म्हणाल्या. “मारून त नाई टाकत. शिकल्या आहेत न त्या?”

गाडी हलली तेव्हा दोघं भावंडं रस्त्याच्या कडेला उभी होती. बोडीवर ऊन चमकत होतं. प्रत्येक चकाकीत ते काळीज धडधडतंय असं मला मोहाडीपर्यंत वाटत राहिलं.

पुणे

साठ्येबाईंच्या टेबलावर मी पेटी ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. पाठ करून गेले होते, तरी विसरले. बाईंनी एकदाही अडवलं नाही. मग चष्मा लावला, पट्टी दिव्याखाली धरली.

“एम.एस्सी. कोरलंय,” त्या म्हणाल्या. “दुसरा वर्ग लिहायला जागा नव्हती वाटतं.”

त्यानंतर पंधरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. कामापुरतंसुद्धा नाही, चिठ्ठी पाठवायच्या. त्यांचा लेखही टेबलावरून दिसेनासा झाला. माझी नेमणूक गेली असं धरून मी सामानाची आवराआवर सुरू केली. खरं सांगायचं तर नेमणुकीचं फारसं वाटत नव्हतं. अठरा वर्षं जपलेली एक गोष्ट मी एका सकाळीत पुसली होती, ते झोपू देत नव्हतं.

शेवटच्या तासाला वर्ग गच्च भरला. बाईंनी खिडकीला पुठ्ठे लावून घेतले आणि बोट न दाखवता म्हणाल्या, “फिरकी इंदू धरेल. तिला सवय आहे.” मुळा नदीच्या पाण्याचा थेंब होता. भिंतीवर तो उगवला तेव्हा मुलींच्या तोंडून निघालेला आवाज आंधळगावच्या बायांसारखाच होता. शिक्षणाने त्या आवाजात काही फरक पडत नाही. बाई चालत भिंतीपाशी गेल्या आणि त्या हिरव्या माळांत उभ्या राहिल्या. त्यांच्या पांढऱ्या केसांतून, पांढऱ्या पातळावरून ते जीव पोहत होते. मग वळून म्हणाल्या, “हे यंत्र कुणी केलं, ते आता मी सिद्ध करू शकत नाही. तो डावखुरा होता, इतकं मात्र सांगू शकते.” आणि मुलींना कानशीचे घाव दाखवले. उलटे उतरणारे.

तास संपला. मुली गेल्या. मी यंत्र पुसत होते. मऊ कापडाने, आणि फक्त भिंगं. बाई पुस्तकं गोळा करता करता थांबल्या. पंधरा दिवसांनी त्या माझ्याशी जे पहिलं वाक्य बोलल्या आणि त्याच्या पुढची दोन, ती मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवली, त्यामुळे त्यात माझा शब्द एकही नाही:

“इंदू, तू ते नाव हुबेहूब कोरून आणलं असतंस ना, तर मला कळलंच नसतं. मी आनंदाने लेख लिहिला असता, आणि तो सगळाच्या सगळा खोटा झाला असता. त्या आंधळगावच्या माणसाला माझा नमस्कार कळव.”